पेठ, कसबे आणि मधली वाघूर

पहूरला म्हणून कोणी निघत नाही, पहूरवरून जातात. जळगावहून अजिंठ्याची लेणी बघायला निघालेली मंडळी नेरी मागं टाकतात, पहूरला गर्दीमुळं गाडी जरा हळू होते, कोणी काच खाली करून डझनभर केळी घेतं, की पुढं वाकोद, फर्दापूर आणि डोंगराचा पायथा. शेंदुर्णीकडून जामनेरला जाणाराही इथंच हा रस्ता ओलांडतो. जगभरातले प्रवासी या गावातून गेले असतील, पण त्यांच्या फोटोंत गाव सापडणार नाही.

माझं आजोळ इथलं, त्यामुळं मी थांबणाऱ्यांतला. स्टँडसमोर भज्यांचा घाणा उतरत असतो. शेजारच्या हॉटेलात शेवभाजीच्या पातेल्यावर लाल तर्रीचा थर असतो. पोऱ्या डाव आत घालताना तर्री अलगद बाजूला सारतो आणि वाढताना गिऱ्हाइकाचं तोंड बघून ती कमी-जास्त करतो. गावचा माणूस असला तर विचारतही नाही. चारचाकीतून उतरलेल्याला मात्र विचारतो, ‘तिखट चालतं ना साहेब?’ येणाऱ्या-जाणाऱ्यावर पोट असलेल्या गावाला माणूस पटकन ओळखावा लागतो.

पहूर म्हणजे दोन गावं. पहूर पेठ आणि पहूर कसबे. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, निवडणुकीतल्या चुरशी दोन. मधून वाघूर जाते. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून नालाकृती वळण घेणारी नदी ती हीच. डोंगरात धबधब्यातून पडते, लेणी मागं टाकून सपाटीला येते आणि उत्तरेला जाऊन तापीला मिळते. जळगाव शहर ज्या धरणाचं पाणी पितं तेही हिच्यावरच. लेण्यांतल्या भिक्खूंपासून जळगावच्या फ्लॅटमधल्या नळापर्यंत एवढा संसार सांभाळणारी ही नदी पावसाळ्यात गढूळ, भरलेली. आणि होळी झाली की वाळूत झिरे खणावे लागतील अशी. माझ्या आजीच्या पिढीनं ते झिरे खणलेले. तिला नदी आठवायची ती पुरापेक्षा झिऱ्यांनी.

दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, उत्तरेला तापीचं खोरं. पहूर त्या उतारावर आहे. डोंगराकडं जावं तशी जमीन हलकी, मुरमाड होत जाते आणि उत्तरेकडं काळी, खोल. एकाच घरात दोन्ही प्रकारची शेतं असतात. काळीत कापूस, बरडावर ज्वारी, तूर, मूग. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही वेळेवर आला तर. मुलगी देताना पूर्वी घर नंतर बघत, आधी विहीर बघत. गावाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा मी तिथंच शिकलो.

गावाबद्दलचं असं सगळं लिहून ठेवायची रीत दुसरीकडं आहे. स्वित्झर्लंडचा इतिहासकोश तेरा खंडांत निघाला, २००२ ते २०१४ या काळात, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत. त्यात तिथल्या प्रत्येक गावाची नोंद आहे. गाव कुठल्या दरीत, कुठल्या उतारावर. कागदपत्रांत पहिल्यांदा नाव कधी आलं. लोक काय पिकवत. घाटातून माल कोण नेई. कारखाना कधी आला, कधी बंद पडला. दोनशे माणसांच्या वस्तीलाही हे मिळतं. आमच्याकडं १८८० सालचं खानदेशचं गॅझेटियर आहे, जनगणनेची पुस्तकं आहेत आणि तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने आहेत. सातच्या नमुन्यात मालक, बाराच्या नमुन्यात पीक, सहाच्या नमुन्यात फेरफार. जमिनीचा इतका बारीक हिशेब क्वचितच कुठं ठेवला जात असेल. पण त्या दप्तरात गाव कुठं भेटत नाही, फक्त खातेदार भेटतात. म्हणून पहूरची नोंद आपणच लिहावी असं बरेच दिवस मनात होतं.

लिहायला बसलं की पहिली अडचण अशी, की पहूरचा इतिहास हा बराचसा दुसऱ्यांच्या प्रवासाचा इतिहास आहे. दख्खनचं पठार आणि तापीचं खोरं यांच्यामध्ये अजिंठ्याची रांग आडवी आहे. ती ओलांडायची तर घाटानंच. व्यापाऱ्यांचे तांडे याच रांगेतून चढले-उतरले, म्हणून तर इतक्या आडरानात विहार कोरले गेले आणि त्यांना दाते मिळाले. पुढं बुऱ्हाणपूर–औरंगाबाद हा मोगलांचा राबता इथूनच. फर्दापूरची सराई त्या काळाची. १८१८ला पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडं आला आणि १८१९च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात लेणी दिसली. इथल्या गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती. तरी तारीख लागली ती स्मिथच्या नावावर.

त्यानंतर सव्वाशे वर्षं पहूर सीमेवरचं गाव होतं. पहूर, वाकोद इंग्रजी मुलखात. थोडं पुढं गेलं की सोयगाव, फर्दापूर निजामाच्या राज्यात. इकडं कलदार रुपया, तिकडं हाली शिक्का. माल सीमेपलीकडं न्यायचा तर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, भरायची. मुली मात्र दोन्हीकडं दिल्या जात, सोयरीक सरहद्द मानत नव्हती. कवी ना. धों. महानोरांचं पळसखेडे तिकडच्या बाजूला, ठिबकवाले भवरलाल जैन यांचं वाकोद इकडच्या. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि ती रेघ पुसली गेली. आता ती जिल्ह्याची हद्द म्हणून उरली आहे आणि एस.टी.च्या कंडक्टरखेरीज तिची आठवण कोणी ठेवत नाही.

सीमा असतानाच पीजे आली. पाचोरा–जामनेर, अडीच फुटी रुळांची, ५६ किलोमीटरची नॅरोगेज. पहिलं महायुद्ध संपत आलं त्या सुमारास, १९१८–१९ साली ती सुरू झाली. माणसांची सोय हा तिचा जोडधंदा, खरं काम कापसाचं. काळ्या मातीतला कापूस पाचोऱ्याच्या मोठ्या लाइनीपर्यंत पोचवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून बोट. यवतमाळची ‘शकुंतला’ किंवा पुलगाव–आर्वीची गाडी याच हिशेबानं टाकलेली. अजिंठ्याला सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन पहूरचं ठरलं, हा तिचा वरकड लाभ.

पीजेला घाई ठाऊक नव्हती. पाचोऱ्याहून निघाली की वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत जामनेरला पोचायला दोन तास तरी घ्यायची. खिडकीतून हात काढला तर पऱ्हाटीला लागेल इतकी शेतं जवळ. दुधाच्या किटल्या, कोथिंबिरीची गाठोडी, पाठीवर दप्तर लावलेली शाळेची पोरं, पाचोऱ्याला कोर्टाच्या तारखेला निघालेला एखादा टोपीवाला. आणि डब्याच्या दारात पाय सोडून बसलेले, ज्यांना कुठंच जायचं नाही असे दोघं-तिघं. मामा म्हणायचा, ‘पीजे चुकली तं चुकू दे भाऊ, पुढच्या स्टेशनावर सायकलीनं गाठू.’ तो खरंच गाठायचा. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता त्या जागी ब्रॉडगेज व्हायची आहे आणि रूळ बोदवडपर्यंत जायचे आहेत. गावानं त्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, आणि गाडी थांबली तेव्हा त्याच गावाला हळहळ वाटली. दोन्ही खरंच होतं.

कापूस बोटीत चढला की कुठं जात असे? पुष्कळसा लँकेशायरला, हे आपण शाळेत शिकलो. पण एक धागा थेट स्वित्झर्लंडला जातो. विंटरथूर नावाच्या गावातल्या सालोमन आणि योहान गेओर्ग फोल्कार्ट या भावांनी १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच पेढी उघडली. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. फोल्कार्ट मात्र टिकले. एकोणिसावं शतक संपताना हिंदुस्थानी कापूस परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या पेढ्यांत त्यांचं नाव होतं. समुद्र नसलेल्या, कापसाचं बोंड न पिकणाऱ्या देशातली ही पेढी आमच्या सरकीसकट सगळ्याची प्रतवारी जाणून होती. याच फोल्कार्टांनी टाटांबरोबर १९५४ साली व्होल्टास काढली. पहूरच्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात आज त्या नावाचा एसी गारवा सोडत असतो आणि बाहेर, उन्हात, कापसाची गाडी भरलेली उभी असते.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सिनेमातली हिरवळ येते, त्यावर शिफॉनची साडी. तिथल्या खेड्याचा खरा इतिहास मात्र आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. जमीन थोडी, उतार फार, हिवाळा लांब. एकोणिसाव्या शतकात कित्येक कुटुंबं पोटासाठी परदेशी गेली. काही गावांनी तर आपल्या गरिबांना बोटीचं भाडं देऊन अमेरिकेला धाडलं, कारण त्यांना पोसण्याचा भार गावावर होता. आजही स्विस पासपोर्टावर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं. पिढ्यान्पिढ्या ज्या गावाचे नागरिक ते गाव, मग तिथं तुम्ही पाऊल टाकलेलं असो वा नसो. आमच्या पुण्या-मुंबईच्या भाचरांना विचारलं तर तीही पहूरच सांगतील, पण सरकारदरबारी ते धरणार कोण?

स्वित्झर्लंडच्या गावांत मला दोन जाती दिसतात. एक वाटेवरची. गोटहार्डच्या खिंडीतून उत्तर आणि दक्षिण युरोपाचा माल खेचरांवरून जायचा. आंडरमाट, आइरोलो अशी गावं त्यावर जगली. मुक्काम, दाणावैरण, हमाली, बर्फातून वाट काढून देणं. मग डोंगराखालून पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणला. १८८२ साली तो सुरू झाला आणि आंडरमाटची रहदारी पायाखालून जाऊ लागली. १९८० साली मोटारींचा बोगदा झाला. २०१६ साली त्याहून खोल तळबोगदा झाला. त्याची लांबी ५७ किलोमीटर, म्हणजे आमच्या पीजेपेक्षा एक किलोमीटर जास्त. पीजेला जिथं दोन तास लागायचे तिथं ही गाडी वीसेक मिनिटांत डोंगर पार करते. तेव्हापासून वेगवान गाड्या जुन्या बोगद्याच्या तोंडावरच्या गोशेनेन स्टेशनापर्यंत चढतच नाहीत. इंजिनियरांनी कमाल केली यात शंका नाही. पण त्या गावांचा धंदा दर वेळी असा ठरवला गेला, की ठरवणारे गावात राहत नव्हते.

दुसरी जात तोर्बेलची. व्हाले परगण्यात, दीड हजार मीटर उंचीवरचं, पाचेकशे वस्तीचं गाव. हे कोणाच्याच वाटेवर नाही. तिथल्या लोकांनी १ फेब्रुवारी १४८३ला एकत्र येऊन करार लिहिला: डोंगरावरची कुरणं, जंगल, पडीक यांचा कारभार सगळ्यांनी मिळून करायचा. १५१७चा नियम तर एका ओळीचा आहे: ज्यानं जितक्या गाई हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जगवल्या, तितक्याच त्यानं उन्हाळ्यात गावच्या कुरणावर पाठवायच्या. पैसेवाल्यानं उन्हाळ्यापुरती दावणभर जनावरं विकत आणून फुकट चारायची सोयच नाही. जास्त सोडली तर दंड, आणि दंड वसूल करणाऱ्याला त्यातला अर्धा. मग कोण डोळेझाक करेल? जंगलातली झाडं अधिकारी खुणा करून देत, लाकडाचे सारखे वाटे पडत आणि कोणता वाटा कोणाचा ते चिठ्ठीनं ठरे. रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञानं १९८१ साली या गावावर पुस्तक लिहिलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक साधनांच्या अभ्यासात हेच गाव दाखला म्हणून घेतलं आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. सामायिक चीज म्हणजे बेवारस चीज, ती सरकारनं ताब्यात घ्यावी नाहीतर वाटून टाकावी, असं शहाणी माणसं सांगत होती. तोर्बेलच्या गाई पाचशे वर्षं चरत राहिल्या आणि कुरण संपलं नाही.

हे वाचून आपल्याकडं असं काही नव्हतं अशी खंत करायचं कारण नाही. धुळे-साक्रीकडं पांझरेवर फड होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात यंदा एकच पीक, सगळ्यांचं. पुढच्या वर्षी पीक फिरतं. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात, म्हणजे पाणी तुटलं तर सगळ्यांचं थोडं थोडं तुटेल, एकट्याचं घर बुडणार नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मेहनताना गाव देई. शेकडो वर्षं हे चाललं. वर धरणं झाली, खाली विहिरी झाल्या, ज्याला त्याला आपापलं पाणी मिळालं आणि फड बऱ्याच ठिकाणी मोडले. पाणी आपापलं झालं की नियम कोणाला नकोसे होतात.

वाघूर पांझरेसारखी नाही, बारमाही कधीच नव्हती. तिच्यावर फड झाले नसते. पण पहूर वाटेवरचं असलं तरी आंडरमाट नाही. त्याला स्वतःचं शिवार आहे, काळी माती आहे, नदी आहे. एका गावात दोन्ही जाती आहेत. आणि माझी तक्रार अशी, की बोलताना आम्ही कायम वाटेबद्दल बोलतो. महामार्ग चौपदरी कधी होणार, रेल्वे कधी येणार, कापसाला भाव काय निघणार. पारावर बसा, हेच. यातली एकही गोष्ट पहूरला ठरत नाही. १९७२ साली सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी आणली, तीसेक वर्षांनी ती गेली, दोन्ही निर्णय मुंबईत झाले. २००२ साली बीटी बियाणं आलं, २०१७ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. बियाणं बाहेरचं, अळी कोणाची म्हणायची? आता दिवाळीच्या सुमाराला खेडा खरेदीवाले टेम्पो घेऊन दारात येतात, तागडीला लावतात, बोटानं धागा ताणून बघतात आणि भाव सांगतात. मामा म्हणतो, ‘भाव काय, तो तं बाहेरून येतो. आपन फक्त कापूस देतो.’

त्याचं बरोबर आहे. पण वाघूरची वाळू बाहेरून येत नाही. लिलाव सरकारी असला तरी रात्री कोणाचं ट्रॅक्टर नदीत उतरतं हे गावाला हॉर्नच्या आवाजावरून कळतं. भूगर्भातलं पाणी सामायिक आहे. शेजाऱ्याची बोअर खोल गेली की आपली विहीर खाली जाते, सातबारावर दोन गट वेगळे असले तरी. वाकोदच्या भवरलालजींनी ठिबक जगभर नेलं. ठिबकनं थेंब वाचतो, पण वाचलेल्या थेंबावर आणखी दोन एकर केळी लावायची की तो जमिनीत राहू द्यायचा, हे नळी ठरवत नाही. गायरानात कोणाचं कुंपण किती सरकलं, नदीत गटार कुठून सोडलं, पेठेतलं सांडपाणी आणि कसब्यातलं सांडपाणी एकाच पात्रात जातं ते कुठल्या पंचायतीच्या हिशेबात धरायचं, याचा निकाल करायला दिल्ली लागत नाही.

ग्रामसभा त्यासाठीच आहे. कायदा सांगतो की तिला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतले जे कमी तेवढे लोक हजर हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळं शंभर लोक न जमवता गाव चालवायची सोय झाली आहे, आणि आम्ही ती वापरतो. रस्त्याच्या कामासाठी मात्र चौकात हजार माणूस रास्ता रोकोला उभा राहतो. ते मी पाहिलं आहे आणि त्याचं कौतुकही आहे. म्हणजे माणसं कमी नाहीत, जमायचं कशासाठी ते ठरायचं आहे.

ब्रॉडगेज येईल. चौपदरी रस्ताही पुरा होईल. उद्या कोणी बाह्यवळण आखलं तर केळीवाल्यांच्या गाड्या आणि तर्रीचं पातेलं उठून तिकडं जातील, वाटेवरच्या धंद्याला वाटेमागं जावंच लागतं. शिवार आणि नदी उठून कुठं जाणार नाहीत. पेठेनं आणि कसब्यानं वर्षातून एक सभा एकत्र घ्यावी, विषय एकच ठेवावा, वाघूर. आणि तोर्बेलसारखा एका ओळीचा नियम लिहावा, दंड कोण वसूल करणार आणि त्यातला अर्धा कोणाला हेही त्यातच लिहावं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘अर्धा देत असतील तं मी तयार आहे.’ इतिहासकोशात पहूरची नोंद कधी झालीच, तर पहिली तारीख जॉन स्मिथची नसावी, त्या सभेची असावी.